वारा सांगितला, पाणी सांगितलं नाही



या मालिकेच्या संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "कर्नलसाहेब, कशावर बोलणार? कारगिलवर?" म्हटलं, कारगिलला मी नव्हतो. माझी पलटण तेव्हा दुसरीकडे होती. पण त्याच वर्षी, कारगिल संपल्यावर तीन महिन्यांनी, मी जिथे होतो तिथे कारगिलपेक्षा कितीतरी जास्त माणसं मेली. एकही गोळी न चालता. त्याबद्दल बोलू का? ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, बोला.

तर आज मी ओडिशातल्या १९९९ च्या महावादळाबद्दल बोलणार आहे. ओडिया लोक त्याला 'महाबात्या' म्हणतात. आपल्याकडे वादळांना नावं द्यायची पद्धत २००४ पासून सुरू झाली, त्यामुळे त्या वादळाला नाव नव्हतं. अमेरिकेत ज्याला हरिकेन म्हणतात, जपानकडे टायफून म्हणतात, तेच आपलं चक्रीवादळ. जात एकच, फक्त समुद्र वेगळा.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. बी.ए. झालो आणि फौजेत गेलो. नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं महाराष्ट्राबाहेर गेली आणि आता बडोद्याला स्थायिक आहे. मला सांगितलंय की हे भाषण इंदूर, हैदराबाद, बेळगाव, कोलकाता, चेन्नईपर्यंतची मराठी माणसं ऐकणार आहेत. म्हणजे तुमच्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याजवळ राहतात. म्हणून मी फक्त आठवणी सांगायला आलेलो नाही. माझ्या हातून एक चूक झाली होती, ती सांगायची आहे. आणि तिथल्या एका म्हाताऱ्याने मला एक वाक्य सांगितलं, ते तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे.

आधी वादळाबद्दल थोडं. २९ ऑक्टोबर १९९९, शुक्रवार. दिवाळी नऊ दिवसांवर. सकाळी वादळ पारादीप बंदराच्या जवळ किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वाऱ्यात माणूस उभा राहू शकत नाही. टिनाचा पत्रा तलवारीसारखा उडतो. नारळाचं झाड एक वेळ वाकून टिकतं, पण आंबा, वड, पिंपळ मुळासकट उपटले जातात. किनारा ओलांडल्यावर वादळं सहसा आत सरकतात आणि विरत जातात. हे मात्र तिथेच रेंगाळलं. एका दिवसाहून जास्त वेळ ते ओडिशावरच घोंघावत राहिलं आणि पाऊस ओतत राहिलं.

पण माणसं वाऱ्याने मेली नाहीत. म्हणजे मेली, पण थोडी. बाकीची पाण्याने मेली.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं बोलणं यावर आहे. वादळाचा वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलतो. बंगालचा उपसागर वरच्या बाजूला नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो आणि किनाऱ्याजवळ उथळ आहे. ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागा नसते, मग ते वर चढतं आणि जमिनीवर येतं. इंग्रजीत याला स्टॉर्म सर्ज म्हणतात, आपण वादळी उधाण म्हणू. एरसमा भागात ते पाणी पाच-सहा मीटर चढलं होतं. दुमजली घराएवढं. महानदीच्या मुखाकडचा तो सगळा मुलूख ताटासारखा सपाट. टेकडी नाही, उंचवटा नाही. घरं मातीची, वर गवताचं छप्पर. पळून जाणार कुठे?

सरकारी आकड्यानुसार जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्यातली आठ हजारांहून जास्त एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातली. एरसमा त्याच जिल्ह्यात. चार लाखांवर जनावरं मेली. शेतात भात उभं होतं, ते गेलं आणि जमिनीत मीठ शिरलं.

आता आमचं सांगतो. मी तेव्हा मेजर होतो. हुकूम रात्री आला आणि ३१ तारखेला पहाटे आमचा कॉलम निघाला. कॉलम म्हणजे मदतीसाठी काढलेली तुकडी. आमच्यात शंभराच्या आत जवान होते, सोबत एक कॅप्टन डॉक्टर, शक्तिमान ट्रक, वायरलेस, कुऱ्हाडी, दोरखंड आणि दोन पॉवर सॉ. त्यातली एक पहिल्याच दिवशी बंद पडली. आमचे सुभेदारसाहेब चंदगडकडचे, लहानपणापासून जंगलात वावरलेले. ते म्हणाले, "साहेब, यंत्राचं सोडा. कुऱ्हाडीला धार लावायला एक माणूस वेगळा बसवा, मग बघा." त्यांचं ऐकलं म्हणून आम्ही पुढे सरकलो.

कटकहून जगतसिंहपूर पन्नासेक किलोमीटर. एरवी दीड तासाचा रस्ता, आम्हाला दोन दिवस लागले. पावलापावलावर झाड आडवं. एक कापून बाजूला केलं की दहा पावलांवर दुसरं. विजेचे खांब, तारा, मेलेली गुरं. राजधानी भुवनेश्वरलाच वादळाने झोडपलं होतं. फोन बंद, वीज बंद. ज्या अधिकाऱ्यांनी मदत पाठवायची त्यांच्याच घरांची छपरं उडालेली. कुठल्या गावात काय झालंय हे कळायला मार्ग नव्हता. हॅम रेडिओवाली हौशी मंडळी आपापले संच घेऊन आली, त्यांनी बऱ्याच ठिकाणांहून निरोप पोचवले. हेलिकॉप्टरं वरून चुडा आणि गूळ टाकत होती. चुडा म्हणजे आपले पोहे. पण वरून टाकलेलं पोतं जो धावू शकतो त्याच्या हाती लागतं. म्हातारीच्या हाती नाही लागत.

चार नोव्हेंबरला आम्ही एरसमा भागात पोचलो. वादळानंतर सातव्या दिवशी. हा आकडा लक्षात ठेवा. वर्तमानपत्रात फोटो आला होता, 'जवान मदतीला धावले'. धावलो, यात खोटं काही नाही. पण बुडणारा माणूस काही मिनिटांत बुडतो, आणि आम्ही सातव्या दिवशी पोचलो होतो.

तिथे काय दिसलं त्याचं वर्णन मी करणार नाही. हे ऐकणाऱ्यांत मुलंही असतील. एवढंच सांगतो की वास दोन-तीन किलोमीटरवरून येत होता, आणि भाताच्या खाचरांत, बाभळीच्या काट्यांत, बांधांच्या कडेला माणसं आणि गुरं एकत्र पडलेली होती.

इथे माझी चूक झाली.

कॉलम कमांडर म्हणून पहिला निर्णय माझा होता. माणसं मोजकी आणि कामं ढीगभर. मी ठरवलं, आधी प्रेतांची विल्हेवाट. का? तर साथ पसरेल. प्रेतांनी रोगराई होते हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. जवानांचा मोठा भाग मी त्या कामाला लावला. रॉकेल, ओली लाकडं, जे मिळेल ते. गावातली मुलंही मदतीला आली. पोरांनी तोंडाला गमछे बांधले होते. पाणी शुद्ध करायच्या कामाला मी थोडीच माणसं दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर माझ्याकडे आले. वयाने अठ्ठावीस-एकोणतीसचे. म्हणाले, "सर, रागावू नका. मेलेली माणसं कुणाला मारत नाहीयेत. पाणी मारतंय. आज माझ्याकडे जुलाबाची इतकी पोरं आली की सलाईन पुरलं नाही."

खरं होतं. हातपंपांत खारं, घाण पाणी शिरलेलं, तळी सडलेली. लोक तेच पाणी पीत होते. पुढे मी याबद्दल वाचलं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, की नैसर्गिक आपत्तीत मेलेल्यांच्या शरीरांमुळे सहसा साथ पसरत नाही. साथ पसरते ती जिवंत माणसांना चांगलं पाणी आणि संडास मिळत नाही म्हणून. मी त्या रात्री माणसं फिरवली. सकाळपासून निम्म्याहून जास्त जवान हातपंपांवर आणि क्लोरिनच्या गोळ्यांवर. पण मधले दोन दिवस गेले ते गेलेच.

चुकीचा दुसरा भाग याहून वाईट आहे.

पहिल्या दिवशी सुभेदारसाहेब मला म्हणाले होते, "साहेब, लिहून ठेवूया का? कुठे सापडला, अंगावर काय होतं." मी म्हटलं, "साहेब, वेळ कुठे आहे? आधी काम उरका." आम्ही लिहिलं नाही. किती जणांना अग्नी दिला, ते मोजलंही नाही.

सात नोव्हेंबरला एक बाई आली. तिशीची असेल. लांबून चालत आली होती. सोबत पाच-सहा वर्षांचा मुलगा. मोडक्या हिंदीत ती नवऱ्याची खूण सांगत होती. निळी लुंगी, कमरेला काळा दोरा, दोऱ्यात तांब्याचा ताईत. अमुक बांधाकडे वाहत गेला, असं कुणी तरी पाहिलेलं. त्या बांधावर आम्ही चिता लावली होती. त्यात निळी लुंगी होती का? माझ्या जवानांना विचारलं. एक म्हणाला होती, एक म्हणाला दोन-तीन होत्या. ताईत कुणी पाहिला नव्हता, कारण पाहायला आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं.

ती रडली नाही. बांधापर्यंत गेली, राखेजवळ थोडा वेळ बसली आणि परत गेली. त्या संध्याकाळी लंगरवाल्याने शिऱ्यासारखं काही तरी केलं होतं. विचारलं तर म्हणाला, "साब, आज दिवाली है." कुणी खाल्लं, कुणी नाही खाल्लं.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली, या वेळी भावाला घेऊन. भाऊ म्हणाला, मेल्याचा पुरावा लागतो, त्याशिवाय मदतीची रक्कम मिळत नाही. साहेबांनी लिहून द्यावं, की निळ्या लुंगीचा आणि तांब्याच्या ताईताचा माणूस आम्ही पाहिला. एवढंच. एक ओळ.

मी ती ओळ लिहिली नाही. मी लिहिलं की अमुक तारखेला अमुक ठिकाणी आम्ही अनोळखी मृतदेहांवर अंत्यसंस्कार केले, त्यांची ओळख नोंदवलेली नाही. खाली सही, शिक्का. फौजेत आम्हाला शिकवलेलं असतं, न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं नाही. नियमाने मी बरोबर होतो. पण ती नोंद नव्हती ती माझ्यामुळे, आणि त्याची किंमत तिने द्यायची? आज पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला, मला याचं उत्तर मिळालेलं नाही. तिला रक्कम मिळाली की नाही, तेही मला माहीत नाही.

त्या बाईच्या पहिल्या फेरीनंतर सुभेदारसाहेबांनी मला न विचारता हजेरीची एक कोरी वही काढली होती. त्यात जागा, पुरुष की स्त्री, अंदाजे वय, कपडा, दोरा, बांगडी, गोंदण, जखमेचा व्रण. प्रत्येकाला एक ओळ. पुढच्या दिवसांत त्या वहीवरून काही जणांना आपली माणसं ओळखता आली. एका माणसाने आईला हातावरच्या गोंदणावरून ओळखलं. त्याने वहीच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

आता त्या म्हाताऱ्याबद्दल.

त्या भागात पक्क्या इमारती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. एका शाळेच्या स्लॅबवर आसपासची माणसं दाटीवाटीने रात्रभर उभी राहिली होती, म्हणून वाचली. त्यांच्यात हा म्हातारा होता. मी त्याला विचारलं, "मौसा, इशारा मिळाला नव्हता का? रेडिओवर सांगत होते ना?" मला खरंच राग आला होता. हवामान खात्याने वादळाची सूचना दिलेली होती, मग ही माणसं घरात का थांबली?

तो म्हणाला, "बाबू, रेडिओ ऐकला. त्यांनी वारा सांगितला, पाणी सांगितलं नाही. वाऱ्याला आम्ही काय घाबरतो? छप्पर उडेल, पुन्हा शाकारू."

मंडळी, यातला प्रत्येक शब्द विचार करण्यासारखा आहे. बारा दिवसांपूर्वी, १७ ऑक्टोबरला, ओडिशाच्या दक्षिणेला गोपालपूरकडे एक वादळ येऊन गेलं होतं. लोकांना वाटलं, तसंच असेल. त्याच पारादीपच्या किनाऱ्यावर १९७१ साली ऑक्टोबरच्याच शेवटी आलेल्या वादळात हजारो माणसं मेली होती, पण त्याला अठ्ठावीस वर्षं झालेली. तरुणांनी ते पाहिलेलंच नव्हतं. 'ताशी अमुक किलोमीटर वेगाने वारे' हे ऐकून शेतकऱ्याला काय कळणार? 'तुझ्या घरात पाणी तुझ्या डोक्याच्या वर येणार आहे, आज दुपारच्या आत त्या शाळेवर जा,' हे कळतं. इशारा देणं आणि माणसाला कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि कळलं तरी जायचं कुठे? त्या वेळी ओडिशाच्या सगळ्या किनाऱ्यावर मिळून रेडक्रॉसने बांधलेले तेवीस चक्रीवादळ निवारे होते. फक्त तेवीस. त्यांत जे पोचले ते वाचले.

आता जरा पुढे येऊ.

ओडिशाने यातून जे शिकून घेतलं, त्याला मी माझ्या नोकरीत पाहिलेली सर्वांत मोठी मोहीम म्हणतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी वेगळं प्राधिकरण स्थापन केलं. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर, २००५ साली आला. खांबांवर उभे, पक्के निवारे बांधले, ते आज आठशेहून जास्त आहेत. एरवी तिथे शाळा भरते, म्हणून त्यांची दारं गंजत नाहीत आणि मुलांना तिथली वाट पाठ असते. गावोगाव तरुणांना शिकवलं. रस्ते मोकळे करायला झाडं कापणारी राज्याची स्वतःची पथकं तयार केली.

१२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन वादळ गोपालपूरजवळ किनाऱ्यावर आलं. वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. मी तेव्हा पूर्वेलाच होतो, कर्नल झालो होतो. आमचे कॉलम आधीच जवळ आणून ठेवलेले होते. १९९९ मध्ये नंतर निघालो, या वेळी आधी पोचलो होतो. पण आमच्याही आधी कुणी तरी पोचलं होतं. वादळ येण्यापूर्वी राज्याने जवळजवळ दहा लाख माणसं हलवली होती. दहा लाख! फौजेत एक ब्रिगेड हलवायची तर आम्हाला घाम फुटतो.

सकाळी आम्ही गंजाम जिल्ह्यात आत शिरलो. सवयीने मी वासाचा अंदाज घेत होतो. वास नव्हता. झाडं पडलेली, खांब पडलेले, छपरं गेलेली, शेतं झोपलेली. माणसं मात्र निवाऱ्यांतून बाहेर येऊन आपापल्या घराकडे निघाली होती. आमच्या जवानांना रस्ता मोकळा करण्यापलीकडे फार काम उरलं नव्हतं. एका जवानाने विचारलं, "साब, रेस्क्यू कहाँ करना है?" मी म्हटलं, झालं रेस्क्यू. कालच झालं. फौजेतल्या आयुष्यात बिनकामाचा म्हणावा असा तो दिवस, आणि इतकं समाधान मला दुसऱ्या कुठल्या दिवसाने दिलं नाही.

एका निवाऱ्यात एक अंगणवाडीची ताई भेटली. तिच्या हातात वही होती. मी ती वही बघायला मागितली. त्यात घरवार नावं होती. कोण गरोदर, कोण अंथरुणाला खिळलेलं, कुणाला रात्री दिसत नाही, कोण यायला नाही म्हणतंय. न येणाऱ्यांपुढे कारणही लिहिलेलं. एकापुढे 'शेळ्या', एकापुढे 'घरात चोरी होईल', एकापुढे 'सुनेशी भांडण'. ती म्हणाली, कारण कळलं की माणूस आणता येतो. शेळ्यांसाठी जागा केली की शेळ्यांचा मालक येतो.

मला चंदगडच्या सुभेदारसाहेबांची वही आठवली. तीही नावांसाठीच होती, पण त्यात नावं नव्हती, नुसत्या खुणा होत्या. वही वादळाच्या आधी लिहिली की त्यात नावं असतात. नंतर लिहिली की लुंगीचा रंग.

फायलिनमध्ये आणि पाठोपाठच्या पुरात ओडिशात गेलेल्या माणसांचा आकडा दोन अंकी राहिला. २०१९ च्या मे महिन्यात फनी वादळ पुरीला धडकलं तेव्हाही दहा लाखांहून जास्त माणसं हलवली गेली. साठपेक्षा थोडी जास्त माणसं गेली. तीही जायला नको होती, पण दहा हजार कुठे आणि साठ कुठे.

केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. १९९९ च्या वादळात ज्या गावांपुढे खारफुटीचं जंगल रुंद होतं, तिथे माणसं कमी मेली. आपल्याकडे कोकणात ज्यांना तिवर म्हणतात, तीच झाडं. ती तोडताना आपण 'चिखलातली झुडपं' म्हणतो. पण त्याच अभ्यासात हेही आहे, की खारफुटीने वाचवली त्याहून जास्त माणसं वेळेवर दिलेल्या सूचनेने वाचवली. म्हणजे झाडंही हवीत, पण सगळ्यात आधी हवा तो माणसाला कळणारा शब्द.

सगळं आलबेल झालं, असं मात्र समजू नका. फनीनंतर जीव वाचले, पण पुरी भागात कित्येक आठवडे वीज नव्हती. ज्याची नाव गेली, झापाचं घर गेलं, त्याने जगायचं कसं? हेच आपल्या कोकणात ३ जून २०२० ला आलेल्या निसर्ग वादळात दिसलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागांत माणसं आधी हलवली म्हणून जीवितहानी थोडी झाली. पण नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्न यायला वर्षं जातात. घर वर्षात उभं राहतं, बाग नाही राहत. आणि पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं तेव्हा मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ माणसं काढली, ही थक्क करणारी कामगिरी. पण सत्तरच्या आसपास माणसं गेली. वादळाचा इशारा आधीच दिलेला होता, तरी माणसं समुद्रातच होती. तेव्हा अरबी समुद्र शांत आहे, आपल्याकडे असलं काही होत नाही, हे आता डोक्यातून काढा.

जाता जाता कामाच्या चार गोष्टी. फौजी माणूस आहे, यादी दिल्याशिवाय राहवत नाही.

एक. वादळाची बातमी आली की वाऱ्याचा वेग विचारू नका. पाणी कुठवर येणार आणि मी कुठे जायचं, हे विचारा. तुमच्या घराजवळची पक्की, उंच इमारत कोणती, ती रात्री उघडते का, किल्ली कुणाकडे असते, हे आजच माहीत करून घ्या.

दोन. आपल्या गल्लीत, सोसायटीत, वाडीत एकटं कोण राहतं, कुणाला चालता येत नाही, त्याची नावं एका वहीत लिहा. मोबाइलवर नको, वहीत. वीज जाते तेव्हा मोबाइलही जातो.

तीन. वारा अचानक पडला, आभाळ उघडलं, तर बाहेर पडू नका. वादळाचा डोळा डोक्यावर आलेला असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तेवढ्याच जोराने येतो.

चार. मदत पाठवायची असेल तर जुने कपडे पाठवू नका. एरसमाच्या रस्त्याकडेला मदतीच्या कपड्यांचे ढीग कुजताना मी पाहिलेत. त्यात लोकरीचे स्वेटरही होते. काय हवं ते तिथल्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा पैसे हवे असतात आणि नंतर, सगळे निघून गेल्यावर, हवे असतात.

सुभेदारसाहेब पुढे ऑनररी कॅप्टन होऊन निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी मी त्यांना भेटायला गावी गेलो होतो. जेवण झालं, काजूच्या बागेत बसलो. मी विचारलं, "साहेब, ती वही कुठे गेली हो?" म्हणाले, "तिथल्या तहसीलवाल्यांकडे दिली, साहेब. पण देण्याआधी उतरवून घेतली होती." आत गेले आणि एक जुनी वही घेऊन आले. पहिल्या पानावर वर एक रिकामी चौकट आखलेली होती. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "आपण लिहायला लागायच्या आधीचे. त्यांना जागा ठेवली."

मी त्या चौकटीकडे बघत बसलो. काही बोलता आलं नाही.

एवढंच सांगायचं होतं.  जय हिंद.